पत्र्यावरच्या चांदीची कुळकथा

जयपूरचं दुर्गापुरा टोंक रोडवर, सांगानेरच्या वाटेवर आहे. कृषी संशोधन संस्था आणि छोटं रेल्वे स्टेशन ही त्याची ओळख. मे महिन्यात इथे पारा 44-45 अंशांवर जातो आणि दुपारच्या वाऱ्याबरोबर बारीक धूळ येते. अशा हवेत 1950च्या दशकातल्या एखाद्या अमेरिकन सेडानला तिचा मूळ मेटॅलिक रंग परत द्यायचा असेल, तर जाणता पेंटर रंग फवारायची गन थेट गाडीकडे वळवत नाही. आधी एक सुटा पत्रा रंगवतो. साध्या रंगाला डब्यावरचा नंबर बऱ्याचदा पुरतो, मेटॅलिकला पुरत नाही. असं का, ते या रंगाच्या कुळात शिरलं की कळतं, आणि ते कूळ मोटारीहून फार जुनं आहे.

त्याची एक शाखा जयपुरातच भेटते. सुभाष चौकाजवळच्या पन्नीगरांच्या मोहल्ल्यात चामड्याच्या पानांमध्ये चांदी ठेवून ती हातोड्याने तासन्‌तास कुटतात आणि वर्ख करतात. धातू इतका पातळ होतो की फुंकरीने उडावा, पण उजेड परतवण्याचा त्याचा गुण जात नाही. दुसरी शाखा मीनाकारीची. आमेरच्या राजा मानसिंगाने लाहोरहून मीनाकार आणले, असं इथली परंपरा सांगते. सोन्यात नक्षी कोरायची, त्या खोलगट जागेत रंगीत काचेची पूड भरायची आणि भट्टीत वितळवायची. पारदर्शक लाल-हिरव्या मीन्यातून उजेड आत जातो, तळाच्या सोन्यावरून उलटतो आणि रंग घेऊन बाहेर येतो. खाली धातू, वर पारदर्शक थर. मोटारीच्या रंगाने ही युक्ती जयपूरकडून घेतली असं नव्हे. पण तिचं इतकं देखणं रूप मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

धातूची पूड रंगात कालवण्याचा धंदा युरोपात जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग-फ्युर्थ भागात वाढला. तिथे पितळेचा पत्रा वर्खासारखा कुटून मग हाताने दळत. 1840च्या सुमारास हेन्री बेसेमर या इंग्रज संशोधकाला बहिणीच्या चित्रवहीवर सोनेरी अक्षरं काढायची होती. त्यासाठी घेतलेल्या चिमूटभर पुडीची किंमत पाहून तो थक्क झाला. पितळ तर स्वस्त, मग एवढा पैसा जातो कुठे? मजुरीत. त्याने पूड करणारी यंत्रं बनवली, त्यांचं पेटंट न घेता ती बंद दाराआड ठेवली आणि नात्यातल्या माणसांच्या हाती सोपवली. त्या नफ्यावर पुढे त्याचे पोलादाचे प्रयोग उभे राहिले. पोलादामुळे जग त्याला ओळखतं. रंगाच्या इतिहासात त्याचं नाव क्वचितच निघतं, याची मला खंत वाटते.

मोटारीवर हा धातू ठळकपणे दिसला 1907 साली. रोल्स-रॉइसची 60551 क्रमांकाच्या चासीवरची गाडी अ‍ॅल्युमिनियमच्या रंगात रंगवली, तिच्या फिटिंग्जवर चांदीचा मुलामा दिला आणि तिचं नाव ठेवलं ‘सिल्व्हर घोस्ट’. त्याच सुमारास अमेरिकेतल्या टोलेडोमध्ये टॉमस डीव्हिलबिस वडिलांनी घशात औषध फवारायला बनवलेल्या उपकरणापासून रंगाची गन घडवत होता. तोवर मोटारी ब्रशने रंगवत आणि वार्निश वाळायला आठवडे लागत. ड्यूपाँट या दारूगोळ्याच्या कंपनीने गनकॉटन या स्फोटक कापसाच्या भावंडापासून, म्हणजे नायट्रोसेल्युलोजपासून, ‘ड्यूको’ लॅकर केलं. 1924च्या मॉडेलच्या ओकलंड गाड्या त्यात रंगल्या आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं.

या लॅकरमधली सुरुवातीची झळाळी माशांच्या खवल्यांतून काढत, आणि ती फार महाग पडे. अ‍ॅल्युमिनियमची कोरडी पूड स्वस्त, पण दळताना भडका घेणारी. 1920च्या दशकात एव्हरेट हॉल या संशोधकाने ती द्रावकात, स्टिअरिक आम्लाबरोबर, गोळ्यांच्या चक्कीत ओली दळली. स्फोटाचं भय गेलं आणि हाती सपाट, चकचकीत कण आले. आजची अ‍ॅल्युमिनियम पेस्ट त्याच वंशातली.

मात्र रंग आणि चकाकी एकाच थरात होती. ऊन-पावसात वरचे कण काळवंडत, पॉलिश करताना उघडे पडत. उपाय मीनाकारांचाच होता: धातू पारदर्शक थराखाली घ्यायचा. त्यासाठी टिकाऊ राळ हवी होती. ओटो बायर या रसायनशास्त्रज्ञाने 1937मध्ये शोधलेल्या पॉलियुरेथेनच्या रसायनातून हार्डनर घालून घट्ट होणारा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर, आला. सूर्याची अतिनील किरणं शोषणारी द्रव्यंही त्यातच मिसळता आली.

आता दुर्गापुऱ्याच्या पत्र्याकडे. क्लिअरखालच्या रंगाचा, म्हणजे बेसकोटचा, थर जेमतेम 15-20 मायक्रॉनचा. त्यातले कण कसे पडले यावर छटा ठरते. रंगाचा हात ओला पडला तर थिनर उडेपर्यंत कणांना हलायला वेळ मिळतो, ते आडवेतिडवे होतात आणि समोरून रंग गडद दिसतो. कोरडा हात पडला तर रंग फिकट आणि खरखरीत. म्हणजे एकाच डब्यातला रंग मेच्या दुपारी उजळ उतरेल आणि जानेवारीच्या सकाळी काळपट. म्हणून उन्हाळ्यात मंद थिनर घ्यावा. चाचणीला तोच सरफेसर, तीच गन, तोच नोझल आणि तेवढाच दाब हवा. पत्राही उभा टांगावा, कारण आडव्यावर कण वेगळे बसतात.

पत्र्याच्या एका भागावर काळे-पांढरे चौकोन असावेत. ते दिसेनासे झाले की किती हात लागतात ते कळतं. मग अर्ध्या भागावर टेप लावून उरलेल्या अर्ध्यावर क्लिअर मारावा. क्लिअरखाली रंग खोल जातो, त्यामुळे नुसत्या बेसकोटवरून निकाल देणं ही घाई ठरते. उन्हात हार्डनरही मंद हवा. नाहीतर वरची साय आधी धरते आणि खालचा थिनर बुडबुड्यांनी बाहेर फुटतो. दुसऱ्या दिवशी पत्रा उन्हात, सावलीत आणि ट्यूबलाइटखाली, समोरून आणि तिरका पाहावा. कारखान्यातलं यंत्रही मेटॅलिक एका कोनातून मोजत नाही. 15, 45 आणि 110 अंश हे त्याचे नेहमीचे कोन.

जुळवायचं मात्र गाडीच्या खऱ्या रंगाशी. तो डॅशबोर्डच्या मागे किंवा दाराच्या अस्तराखाली, जिथे ऊन पोचलं नाही, तिथे मिळतो. तो बऱ्याचदा एकथरी लॅकर असतो, आणि त्याची मऊ झाक आधुनिक क्लिअरखाली हुबेहूब येत नाही. पुन्हा लॅकर मारायचं की टिकाऊ क्लिअर घ्यायचा, हा निर्णय पत्रे शेजारी ठेवूनच व्हावा. रोज फिरणाऱ्या गाडीला मी क्लिअर देईन, प्रदर्शनात राहणाऱ्या दुर्मीळ गाडीला लॅकर.

आणि जो पत्रा पसंत पडेल, त्याच्या पाठीवर हातांची संख्या, दाब, थिनर, तारीख लिहून तो गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा. उद्या एखादा मडगार्ड चेपला, तर पुढच्या पेंटरला त्याचीच गरज पडेल.