रस तोच, वेळ वेगळी

आमचे सिंदी मेघे वर्ध्याला इतके चिकटून आहे, की शहर कुठे संपते आणि गाव कुठे सुरू होते हे घरपट्टीच्या पावतीवरूनच कळते. जिल्ह्यात दारूबंदी आहे, तीही १९७०च्या दशकापासूनची. म्हणजे माझा जन्मच मुळी बंदीतला! आता अशा गावच्या माणसाने बिअरवर लिहावे म्हणजे मुंजा मुलाने संसारावर व्याख्यान द्यावे तसेच. पण गेल्या दिवाळीत पुण्याच्या भाच्याने घोटाळा केला.

"मामा, ही ती बाटलीतली नाही. ही क्राफ्ट बिअर," असे म्हणत त्याने मला एका उजळ, गोंगाटी जागी नेऊन बसवले. समोर लाकडी पाटीवर सहा चिमुकले ग्लास आले. आमच्या बँकेत सह्यांचे नमुने असतात, तसे हे चवींचे नमुने! मी कारकुनाला शोभेल अशा संशयाने एकेक तपासू लागलो.

पहिली जर्मन पद्धतीची गव्हाची. तिला चक्क केळ्याचा आणि लवंगेचा वास. "केळे घालतात का रे?" तर म्हणे नाही, ही सगळी यीस्टची करामत. दुसरी बेल्जियन, तिच्यात धणे आणि संत्र्याची साल. धणे पाहून मला घरच्यासारखे वाटले, आणि संत्रे तर आमच्या नागपूरकडचेच! तिसरी काळी कुळकुळीत स्टाउट, भाजलेल्या सातूमुळे कॉफीसारखी. चौथी इंडिया पेल एल. नावात इंडिया म्हणून मी अभिमानाने मोठा घोट घेतला आणि कारल्याच्या रसाची आठवण झाली. हॉप नावाच्या वेलीची फुले तिच्यात सढळ हाताने घालतात. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनची बिअर जहाजातून हिंदुस्थानातल्या साहेबांसाठी यायची, त्या प्रकारातून ही निघाली. पुण्यात २००९ साली अशी बिअर बनवायला सुरुवात करणाऱ्यांनी तर नावच 'डूलाली' ठेवले, म्हणजे नाशिकजवळचे आपले देवळाली. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहून गोऱ्या सोल्जरांची डोकी फिरत, म्हणून इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे वेडसर. बदलीच्या ऑर्डरची वाट पाहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पाचवीपाशी भाच्याने बव्हेरियाचा १५१६ सालचा कायदा सांगितला. बिअरमध्ये पाणी, सातू आणि हॉप, याशिवाय काही घालायचे नाही. यीस्टचे त्यात नावच नाही, कारण तेव्हा ते कुणाला ठाऊक नव्हते. साखर खाऊन दारू करण्याचे सगळे काम त्याचे, आणि कागदावर नाव नाही! ऐकून माझे कारकुनी हृदय भरून आले. त्या बिचाऱ्याची बाजू पुढे एकोणिसाव्या शतकात लुई पाश्चरने मांडली. आमची कोण मांडणार?

सहावी मात्र आंबटसर होती. तो घोट घेतला आणि मला एकदम गाव आठवले.

आमच्या गावाचे नाव शिंदीच्या झाडावरून पडले असे आम्ही सारेच मानतो. शिंदीला खाच पाडून रात्रभर मडके बांधतात. पहाटे उतरवली तर नीरा, गोड आणि गार. ऊन चढले की हवेतले यीस्ट बोलावल्याशिवाय कामाला लागते आणि दुपारपर्यंत तिची ताडी होते. आणखी ठेवली तर आंबूनच जाते. मडक्याला आतून चुना लावला तर आंबणे लांबते. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यात न आंबलेल्या रसाला नीरा म्हटले आहे. म्हणजे त्याच झाडाची, त्याच मडक्यातली वस्तू सकाळी पथ्याची आणि दुपारी गुन्ह्याची. मुदत टळली की ठेवीचे सुद्धा असेच होते!

वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४च्या अखेरीस गांधीजींचा ग्रामोद्योग संघ निघाला. कुमारप्पा तिथे कामाला होते. १९३५ साली मगनवाडीची माणसे रोज सकाळी झाडू-बादल्या घेऊन आमच्या सिंदीत सफाईला यायची. इंग्रज ॲडमिरलची मुलगी मीराबेन तर इथेच राहायला आली. दारू सोडा म्हणणे सोपे. पण झाडावर चढणाऱ्याने मग खायचे काय, हा प्रश्न त्या मंडळींनी टाळला नाही. रस आंबू न देता त्याचा गूळ करा, असे उत्तर त्यांनी शोधले. गजानन नाईकांनी ताडगुळाच्या कामाला उभे आयुष्य वाहिले.

गावी परतल्यावर मी हे सारे शेजारच्या आजींना रंगवून सांगितले. त्यांचा नवरा हातभट्टीने गेला, तोही या बंदीच्याच जिल्ह्यात. सहा ग्लासांचे वर्णन त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"केवढ्याले पडले रे बाबू?"

मी आकडा सांगितला. त्या जरा वेळ गप्प राहिल्या.

"तुमी पेले त चव पायता," त्या म्हणाल्या. "आमचा माणूस पेला त बेवडा झाला. त्याले कोनी सहा गिलास मांडून नाही देल्ले."

इतकी वर्षे हिशेब तपासतो आहे, पण ही नोंद कोणत्या खात्यावर टाकायची ते अजून ठरलेले नाही. भाच्याचे पत्र आले आहे, पुढच्या खेपेला आठ प्रकार आहेत म्हणे. मी त्याला उलट लिहिले आहे, की आधी तूच इकडे ये, आणि पहाटे उठायची तयारी ठेव.