सोनोग्राफीचा सराव : कापडी बाहुलीपासून संगणकापर्यंत

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातील डोंगराळ तालुके. जव्हारहून नाशिक सुमारे ८० किलोमीटर. पाड्यावरच्या एखाद्या गरोदर बाईची वार गर्भाशयाच्या तोंडाशी असेल, तर बाळंतपणात जिवावर बेतणारा रक्तस्राव होऊ शकतो. हे आधी कळले, तर तिला वेळेवर मोठ्या रुग्णालयात हलवता येते. सोनोग्राफीत हे दिसते. पण ते ओळखावे लागते यंत्र चालवणाऱ्याला. प्रोब जरासा तिरका झाला की पडद्यावरचे चित्र बदलते. मूत्राशय फार भरलेले असेल, तर वार आहे त्यापेक्षा खाली असल्याचा भास होतो. मग असा हात आणि अशी नजर तयार कुठे करायची?

हा प्रश्न सोनोग्राफीहून जुना आहे. १७५९ साली फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याने आंजेलिक द्यु कुद्रे या सुईणीला देशभर फिरून सुइणींना शिकवण्याची सनद दिली. त्यासाठी तिने कापड आणि चामड्याचा, बाळासह, एक पुतळा बनवला होता. शिकणारीची चूक पुतळ्यावर होई, बाळंतिणीवर नव्हे.

१९५८ साली ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी श्राव्यातीत ध्वनीने पोटातील गाठी व गर्भ पाहण्याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. धातूतील भेगा शोधणारे कारखान्यातले यंत्र हा त्यांच्या प्रयोगांचा आरंभ होता. पुढे ही विद्या पसरली, तरी सराव मात्र रुग्णांवरच होत राहिला. १९९०च्या दशकात संगणकाने चालणारे सिम्युलेटर आले. त्यात खऱ्या रुग्णांच्या त्रिमितीय प्रतिमा साठवलेल्या असतात. पुतळ्यावर खोटा प्रोब फिरवला की संगणक त्याची जागा आणि कोन मोजतो व तेवढाच छेद पडद्यावर दाखवतो. दुर्मीळ दोषही हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा पाहता येतो.

परीक्षेचे काय? सिम्युलेटर गुणही देतो. मात्र २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या कोपनहेगनच्या एका अभ्यासात, नवशिका आणि तज्ज्ञ यांच्यातील फरक त्याच्या निम्म्याहून कमी मापांतच दिसला. शिक्षकांना हे नवे नाही : ज्या प्रश्नाला कच्चा आणि हुशार विद्यार्थी सारखेच गुण मिळवतात, तो प्रश्न परीक्षेत ठेवून उपयोग नसतो. नेमकी मापे निवडली, तरच त्या गुणांना अर्थ येतो.

आपल्याकडे गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९९४ साली कायदा झाला. त्याखाली २०१४ साली एमबीबीएस डॉक्टरांसाठी सहा महिन्यांच्या, ३०० तासांच्या प्रशिक्षणाचे नियम आले. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते अवैध ठरवले. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. वाद कोणी शिकावे याचा होता. पण तास भरले म्हणजे कौशल्य आले, असे नाही. ते अजमावण्यासाठी प्रत्येक उमेदवारापुढे तीच कठीण प्रतिमा ठेवता येणे, हा सिम्युलेटरचा मोठा गुण आहे.

घाबरलेल्या बाईशी तिच्या बोलीत बोलणे पुतळा शिकवत नाही. ते रुग्णालयातच शिकावे लागते. पण प्रोब धरण्याचे पहिले धडे तरी तिच्या पोटावर गिरवले जाऊ नयेत, असे आम्हाला वाटते. यंत्र ट्रकमधून घाट चढून एका दिवसात जव्हारला पोचते. ते चालवणारा हात तयार व्हायला महिने लागतात. खर्चाचा हिशेब मांडताना हे महिनेही धरायला हवेत.