रिद्धपूरच्या म्हाताऱ्या आणि राजा सेजोंग

कोरियन शिकायला लागल्यापासून अकोल्याच्या नातेवाइकांचा एक प्रश्न ठरलेला आहे. "ते चित्रं काढल्यासारखे अक्षरं तू कशी काय वाचतं वं?" तर मंडळी, ती चित्रं नाहीत. कोरियन लिपी, म्हणजे हांगुल, आपल्यासारखीच उच्चारावर चालते. मूळ अक्षरं फक्त २४. सुवॉनला आल्यावर आठवड्याभरात मी दुकानांच्या पाट्या वाचू लागले. पहिला वाचलेला शब्द 'याक', म्हणजे औषध. बाकी पाट्यांचा अर्थ कळत नव्हता, पण रस्ता एकदम बोलका झाला होता. तेव्हा आजीची आठवण आली. तिला कितीतरी ओव्या तोंडपाठ होत्या, पण एसटीची पाटी मात्र कायम दुसऱ्याला विचारावी लागायची.

बोलणं मात्र अवघड आहे. समोरचा माणूस कोण, यावर क्रियापदाचं शेपूट बदलतं. मैत्रिणीला 'गोमावो' म्हटलं की आभार पोचतात, अनोळखी बाईंना 'गोमावोयो' म्हणावं लागतं. पुस्तकात यावर पानंच्या पानं आहेत. मला ते 'यो' चटकन कळलं, कारण आपल्याकडे 'जी' आहे! "कुठं चालले जी?" आणि "कुठं चालले?" यातला फरक वऱ्हाडातल्या पोराला कुणी शिकवावा लागत नाही. वाक्याची रचनाही आपल्यासारखी, कर्ता आधी आणि क्रियापद शेवटी. असो, नमनालाच घडाभर तेल नको. सांगायचं आहे ते या लिपीच्या जन्माविषयी.

पूर्वी कोरियन लोक बोलत कोरियन, पण लिहीत मुख्यतः चिनी लिपीत. हजारो चिन्हं पाठ करायची, म्हणजे पोट भरायची चिंता नसलेल्यांचंच काम. जोसन घराण्याचा चौथा राजा सेजोंग यानं १४४३ मध्ये २८ अक्षरांची नवी लिपी तयार केली आणि १४४६ मध्ये ती प्रजेला दिली. साध्या माणसाला मनातलं लिहिता यावं, हे कारण त्यानं स्वतःच नोंदवून ठेवलं आहे. अक्षरांचे आकारही उच्चारावरून घेतले. 'क'चा काटकोन म्हणजे घशाशी उचललेली जीभ, 'म'चा चौकोन म्हणजे तोंड. व्यंजनांचे पाच गट आपल्या कंठ्य, दंत्य, ओष्ठ्यची आठवण करून देतात. हा निव्वळ योगायोग नाही. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृतचं उच्चारशास्त्र चीनमध्ये गेलं होतं, आणि सेजोंग चिनी उच्चारशास्त्राचा जाणकार होता.

दरबारी पंडितांना हे रुचलं नाही. १४४४ मध्ये छोए माल्ली या विद्वानानं सहकाऱ्यांसह राजाला विरोधाचा अर्ज दिला. चिनी विद्येपासून दूर जाऊन वेगळी लिपी करणं हे रानटी लोकांचं लक्षण, असा त्याचा सूर होता.

हे वाचताना मला राहून राहून रिद्धपूर आठवत होतं. अमरावती जिल्ह्यातलं, मोर्शी तालुक्यातलं आपलं रिद्धपूर. सेजोंगच्या दीडशेहून अधिक वर्षं आधी, १२७८ च्या सुमारास, म्हाइंभटांनी तिथे लीळाचरित्र सिद्ध केलं. ज्यांनी चक्रधरस्वामींना पाहिलं-ऐकलं होतं, त्यांना गाठून, विचारून, पडताळून. महदाइसेचे धवळे रिद्धपूरचेच. आणि पंथाचे आचार्य नागदेव यांची एक आठवण स्मृतिस्थळात आहे. केशिराजबास संस्कृतचे पंडित होते, संस्कृतात लिहू पाहत होते. नागदेवांनी त्यांना थांबवलं. कारण काय, तर संस्कृतात लिहिलं तर माझ्या म्हाताऱ्या वंचित होतील.

एकानं लिपी दिली, दुसऱ्यानं भाषा निवडली. एक राजा, दुसरा भिक्षा मागणारा संन्यासी. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण ज्यांना विद्येच्या दारात कुणी मोजत नव्हतं, त्यांच्याकडे पाहून दोघांनी निर्णय घेतला.

निर्णय घेतला की काम झालं, असं मात्र नाही. हांगुलला पुढे साडेचारशे वर्षं 'बायकांची अक्षरं' म्हणून हिणवलं गेलं. सरकारी कागदांत तिला मानाचं स्थान मिळालं ते १८९४ मध्ये. मग १९१० पासून जपानी अंमल. १९३८ नंतर शाळांतून कोरियन भाषा बाहेर गेली. १९४२ मध्ये कोरियन शब्दकोश तयार करणाऱ्या अभ्यासकांना अटक झाली, त्यातले दोघे तुरुंगातच वारले. जप्त झालेलं हस्तलिखित सप्टेंबर १९४५ मध्ये सोल स्टेशनच्या गोदामात सापडलं!

लीळाचरित्राची मूळ पोथीही धामधुमीत नाहीशी झाली. परंपरा सांगते की हिराइसा नावाच्या बाईला ते पाठ होतं, तिच्या मुखातून ते परत लिहिलं गेलं. म्हणजे ज्या बायकांसाठी मराठी निवडली, त्यांच्यातल्याच एकीनं ग्रंथ वाचवला. पुढे मात्र उलटंच झालं. पोथ्या परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून महानुभावांनी त्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या. ग्रंथ जपले गेले, पण बाहेरच्या मराठी माणसाला शतकानुशतकं मिटलेले राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाड्यांनी ती लिपी उलगडली. बुलढाणा जिल्ह्यातून आलेल्या वि. भि. कोलत्यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र १९७८ मध्ये आलं. सेजोंगनं सर्वांसाठी दार केलं आणि पंडितांनी त्याकडे पाठ फिरवली. आपल्याकडे दार उघडणाऱ्यांनीच ते भीतीपोटी लावून घेतलं. भीती खरी असेल, पण किंमतही खरी होती.

कोरियात छिलगोक नावाचा एक ग्रामीण भाग आहे. तिथल्या, लहानपणी शाळेत न गेलेल्या आज्या सत्तरी-ऐंशीत हांगुल शिकल्या. २०१५ मध्ये त्यांच्या कवितांचं पुस्तक निघालं, त्यांच्या गावठी बोलीत. २०२० मध्ये पाच जणींच्या थरथरत्या हस्ताक्षरांवरून संगणकाचे फाँट तयार झाले. आपल्याकडेही ठाणे जिल्ह्यात फांगणे गावी २०१६ मध्ये आजीबाईंची शाळा सुरू झाली.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात दर्जा दिला, त्याच वर्षी रिद्धपूरचं मराठी भाषा विद्यापीठही सुरू झालं. वऱ्हाडची म्हणून मला दोन्हींचा अभिमान आहे. पण रिद्धपुरात नव्या इमारती किती झाल्या, यापेक्षा मला नागदेवांची कसोटी जास्त खरी वाटते. दवाखान्यातली चिठ्ठी, बँकेचा अर्ज, पीकविम्याचा कागद अकोला-अमरावतीकडच्या एखाद्या म्हातारीला कुणाला न विचारता वाचता येतो का, आणि वाचला तर कळतो का? आपल्याला हे शंभर वर्षांपूर्वी नाही, साडेसातशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलेलं आहे जी.