नट, नाटक आणि ‘खरीं माणसें’

एखाद्या कलेस उतरती कळा लागली म्हणजे तिचें खापर कोणाच्या तरी माथीं फोडून मोकळें व्हावें, ही मनुष्यस्वभावाची जुनी खोड आहे. दूरचित्रवाणीवरील नाट्य हीन झालें व गुणी नट मागें पडले, याचा दोष ‘रिॲलिटी शो’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कार्यक्रमांवर टाकण्याची चाल आपल्या सुशिक्षित घरांतून रूढ झाली आहे. हा आरोप निराधार आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तो जितका सोपा वाटतो तितका पुरता नाहीं. ज्या अमेरिकेंत या दोन प्रकारांचा झगडा सर्वांत मोठ्या प्रमाणावर झाला, तेथील पाऊणशें वर्षांचा इतिहास पाहिला असतां दोषाची वांटणी निराळ्या रीतीनें करावी लागते.

अमेरिकेंत दूरचित्रवाणी घरोघर पोंचण्यापूर्वींच तिच्यावर नाटक आलें. १९४७ सालीं ‘क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटर’ ही नाट्यमाला सुरू झाली. पुढच्याच वर्षीं ‘स्टुडिओ वन’ व ‘फिल्को टेलिव्हिजन प्लेहाऊस’ या तिच्या भगिनी अवतरल्या. या मालांतून आठवड्यास एक स्वतंत्र नाटक होई, आणि तें बहुधा न्यूयॉर्कच्या स्टुडिओंतून प्रयोग चालूं असतांनाच देशभर दिसे. चुकलेलें वाक्य परत घेण्याची सोय नव्हती. विसरलेला नट लक्षावधि लोकांदेखत विसरे. रंगभूमीचा धोका व कॅमेऱ्याची जवळीक यांचा असा तो संगम होता. पॅडी चायेफ्स्की, रॉड सर्लिंग, रेजिनल्ड रोझ हे लेखक. सिडनी ल्यूमेट, जॉन फ्रँकेनहायमर हे दिग्दर्शक. पॉल न्यूमन, रॉड स्टायगर यांच्यासारखे नट, हे सर्व याच शाळेंत तयार झाले. रोझची ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ ही कृति २० सप्टेंबर १९५४ रोजीं ‘स्टुडिओ वन’मध्यें प्रथम झाली, १९५७ मध्यें ल्यूमेटनें तिचा चित्रपट केला, आणि १९८६ मध्यें बासु चटर्जी यांनीं ‘एक रुका हुआ फैसला’ या रूपानें ती आपल्याकडे आणली. एका संध्याकाळीं एक तासभर झालेला प्रयोग किती दूरवर जाऊं शकतो, याचें हें उत्तम उदाहरण होय.

या काळाचें शिखर म्हणून ‘मार्टी’चें नांव घेतलें जातें. २४ मे १९५३ रोजीं ‘फिल्को’ मालेंत झालेलें चायेफ्स्कीचें हें नाटक. त्याचा नायक लग्नाचें वय उलटून चाललेला, स्थूल देहाचा एक खाटीक. नायिका रूपानें सामान्य अशी एक शिक्षिका. दोघेंही नाकारलीं जाण्याची संवय झालेलीं. एका नृत्यगृहांत त्यांची गांठ पडते, एवढेंच कथानक. स्टायगर व नॅन्सी मार्चंड यांनीं तें इतक्या सच्चेपणानें उभें केलें कीं १९५५ मध्यें त्याचा चित्रपट निघाला व त्यास त्या वर्षाच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें ऑस्कर पारितोषिक मिळालें. घरांत फुकट दिसलेलें नाटक हॉलिवुडच्या सिंहासनावर जाऊन बसलें. मात्र चित्रपटांत मूळचीं नायक-नायिका नव्हतीं. नटाच्या नशिबाचा हा नमुना पुढें वारंवार दिसावयाचा होता.

येथें एक गोष्ट विसरून चालणार नाहीं. हें नाट्य कोणा रसिक आश्रयदात्याच्या औदार्यावर जगत नव्हतें. क्राफ्ट हे चीज विकणारे, फिल्को हे रेडिओ विकणारे. नाटक हें त्यांच्या मालाच्या जाहिरातीचें वाहन होतें. १९५० मध्यें अमेरिकेंतील शेंकडा ९च्या सुमारास घरांत दूरचित्रवाणी होती. १९६० पर्यंत हें प्रमाण शेंकडा ८५च्या वर गेलें. प्रेक्षक वाढला तशी जाहिरातदाराची भूक वाढली, आणि भुकेबरोबर त्याचा धाकही वाढला. १६ एप्रिल १९५९ रोजीं ‘प्लेहाऊस ९०’ या मालेंत न्यूरेंबर्ग येथील खटल्यावर नाटक झालें. तें करविणाऱ्यांत गॅस-व्यवसायाची एक संस्था होती; म्हणून नाझींच्या विषारी वायूच्या कोठड्यांचा उल्लेख येतांच ‘गॅस’ हा शब्द प्रेक्षकांच्या कानीं पडूं नये अशी तजवीज करण्यांत आली! साठ लक्ष ज्यूंच्या हत्येपेक्षां शेगडीच्या विक्रीची काळजी जेथें मोठी ठरते, तेथें नाटकाचा मृत्यु बाहेरच्या शत्रूमुळें झाला असें म्हणणें हें अर्धसत्य होय.

बाहेरचा शत्रु मात्र तोंपर्यंत आलेला होता. ७ जून १९५५ रोजीं ‘सिक्स्टी-फोर थाउजंड डॉलर क्वेश्चन’ हा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम सुरू झाला. त्यास ना लेखक लागे, ना नट, ना तालीम. एखादा सामान्य गृहस्थ कांचेच्या खोलींत उभा राहून घाम पुसत उत्तर आठवी, आणि देश श्वास रोखून बसे. त्याच्या यशानें असल्या कार्यक्रमांची रीघ लागली. ‘खरीं माणसें’ हा नवा माल बाजारांत आला तो येथेंच. आजच्या रिॲलिटी शोचें कुळ शोधावयाचें तर तें या कांचेच्या खोलीपर्यंत येऊन पोंचतें.

यापुढील प्रसंग कादंबरीकारानें रचला असता तर आपण तो कृत्रिम म्हटला असता. ‘ट्वेंटी-वन’ नांवाच्या अशाच एका कार्यक्रमांत हर्बर्ट स्टेंपेल हा स्पर्धक आठवड्यामागून आठवडे जिंकत होता. त्याला प्रश्न व उत्तरें आधींच पढविलेलीं असत. घाम केव्हां पुसावा व कोठें अडखळावें हेंही शिकविलेलें असे. पुढें चार्ल्स व्हॅन डोरेन हा रुबाबदार, विद्वान् घराण्यांतला अध्यापक चालकांस अधिक पसंत पडला, आणि स्टेंपेलनें हरावें असें ठरलें. ५ डिसेंबर १९५६ रोजीं त्यास विचारलें गेलें: १९५५ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें पारितोषिक कोणास मिळालें? उत्तर होतें ‘मार्टी’. स्टेंपेलला तें ठाऊक होतें. तो त्याचा आवडता चित्रपट होता. परंतु आज्ञेप्रमाणें त्यानें भलतेंच नांव सांगितलें. दूरचित्रवाणीनें स्वतः प्रसविलेल्या श्रेष्ठ नाटकाचें नांव त्याच दूरचित्रवाणीवर, बाजाराच्या सोयीसाठीं, मुद्दाम विसरविण्यांत आलें.

हा बनाव फार दिवस लपला नाहीं. २ नोव्हेंबर १९५९ रोजीं व्हॅन डोरेननें काँग्रेसच्या समितीपुढें कबुली दिली, आणि १९६० मध्यें असल्या स्पर्धांत लबाडी करणें कायद्यानें गुन्हा ठरलें. पण नाटकास त्याचा लाभ झाला नाहीं. क्राफ्ट व स्टुडिओ वन या माला १९५८ मध्येंच संपल्या होत्या. ‘प्लेहाऊस ९०’ १९६० मध्यें बंद पडली. त्यांच्या जागीं हॉलिवुडमध्यें फिल्मवर उतरविलेल्या, पुन्हा पुन्हा विकतां येणाऱ्या मालिका आल्या. प्रश्नमंजूषा नाटकाला मारून स्वतःही मेली. तिची युक्ति मात्र जिवंत राहिली.

ती युक्ति पुन्हा उपयोगी पडली ती मजुरीच्या भांडणांत. १९८८ मध्यें पटकथालेखकांचा संप सुमारें पांच महिने चालला. लेखकांवांचून कार्यक्रम कसे करावे, या विवंचनेंतूनच पोलिसांच्या पाठीमागें कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या ‘कॉप्स’सारख्या कार्यक्रमास १९८९ मध्यें वाट मिळाली. पुढें स्वीडनमध्यें १९९७ सालीं ‘एक्स्पेडिशन रॉबिन्सन’ व हॉलंडमध्यें १९९९ सालीं ‘बिग ब्रदर’ निघाले. पहिल्याची अमेरिकन आवृत्ति ‘सर्व्हायव्हर’ ३१ मे २००० रोजीं सुरू झाली, आणि बोर्निओजवळच्या एका बेटावर सोळा माणसांनीं एकमेकांस हांकून लावण्याच्या त्या खेळाचा २३ ऑगस्टचा शेवट पांच कोटींहून अधिक लोकांनीं पाहिला. एका विजेत्यास दहा लक्ष डॉलर देऊनही हा सौदा स्वस्तच होता. कारण नामांकित नटांचें वेतन व लेखकांचें मानधन हीं दोन्हीं वांचलीं होतीं. वास्तविक या ‘वास्तवा’सही रचनाकार लागतोच. शेंकडों तासांच्या चित्रणांतून नायक, खलनायक व कथानक घडविणारीं माणसें असतात. पण त्यांस लेखक म्हणावयाचें नाहीं, हाच त्या धंद्याचा पाया आहे. २००६ मध्यें ‘अमेरिकाज् नेक्स्ट टॉप मॉडेल’ या कार्यक्रमाच्या अशा बारा जणांनीं लेखक म्हणून मान्यता मागत संप केला; कार्यक्रम त्यांच्यावांचून चालूं राहिला.

आतां एक आक्षेप येईल. याच सुमारास अमेरिकेंत नाट्य बहरास आलें नाहीं काय? ‘द सोप्रानोज्’ ही मालिका १९९९ मध्यें सुरू झाली व तिनें कित्येक वर्षें समीक्षकांस मोहित केलें. हें खरें आहे. आणि तिच्यांतील करारी वृद्ध मातेची भूमिका करणारी नटी दुसरी कोणी नसून ‘मार्टी’मधील ती शिक्षिका, नॅन्सी मार्चंड, हीच होती. १८ जून २००० रोजीं, ‘सर्व्हायव्हर’ सुरू झाल्यास पुरते तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हां, ती निवर्तली. तिच्या कारकीर्दीच्या दोन टोंकांत या प्रश्नाचें उत्तर आहे. पहिलें नाटक कोणाही गृहस्थास, ज्याच्या घरीं यंत्र होतें त्यास, विनामूल्य दिसलें; दुसरें महिन्याची वर्गणी भरणाऱ्यासच. चांगलें नाटक मेलें नाहीं; तें चव्हाट्यावरून उठून दरवाजाआड गेलें. चव्हाट्यावर राहिलीं तीं ‘खरीं माणसें’. मोठ्या नटास दरवाजाआड जागा मिळते. जो मधला, कसलेला, दर आठवड्यास नवी भूमिका करून शिकणारा नट, त्याची शाळा मात्र मोडली.

आपल्याकडेही हे सांचे येऊन पोंचले आहेत. ‘बिग ब्रदर’चा हिंदी अवतार २००६ मध्यें आला, मराठी २०१८ मध्यें. नाटक-मालिकांतून नांव मिळविलेले नट त्यांत ‘स्वतः’ म्हणून वावरतात, भांडतात, रडतात. त्यांना हंसणें सोपें आहे. परंतु दुसऱ्याचें दुःख साकारण्यापेक्षां स्वतःचें दुःख दाखविण्यांत अधिक प्रसिद्धि मिळूं लागली, तर दोष केवळ नटाचा नव्हे.

नट रंगमंचावर येतो तेव्हां, ‘हें खोटें आहे’ असा करार करूनच तो आपणांस खरें कांहीं सांगतो. त्या कांचेच्या खोलींतील खेळ्यानें ‘हें खरें आहे’ असें सांगून खोटें दाखविलें. अभिनय दोन्हीं ठिकाणीं होता. एका ठिकाणीं त्याची कबुली होती, त्याचें शिक्षण होतें आणि त्याचें वेतन होतें. आज लोपलें आहे तें हें. करमणुकीच्या हलकेपणावर रागावून तें परत येणार नाहीं. जें नाटक एके काळीं सर्वांचें होतें, तें सर्वांचें ठेवण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न जाहिरातदाराच्या हातीं सोंपवून आपण निश्चिंत बसलों. त्याचें उत्तर त्यानें आपल्या सोयीनें दिलें. तो प्रश्न परत आपल्या हातीं घेणें, आणि एखादें चांगलें नाटक तिकीट काढून कुटुंबासह पाहणें, एवढें तरी अजून आपल्या स्वाधीन आहे.