योनिमार्गातील सूक्ष्मजंतू : सहसंवर्धन अभ्यासाचा इतिहास

योनिमार्गात स्वाभाविकपणे वास करणारे सूक्ष्मजंतू व रोगकारक जंतू प्रयोगशाळेत एकत्र वाढवून त्यांच्या परस्परक्रियांचा केलेला अभ्यास. एकाच जंतूचे शुद्ध संवर्धन ही एकोणिसाव्या शतकातील सूक्ष्मजंतुशास्त्राची प्रमुख पद्धती होती. या विषयात मात्र ती अपुरी ठरली.

जर्मन स्त्रीरोगतज्ञ आल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ मध्ये योनिस्राव व सूतिकाज्वर यांवरील प्रबंध प्रसिद्ध केला. निरोगी स्त्रियांच्या स्रावातील दंडाकार जंतू लॅक्टिक अम्ल तयार करतात व त्यांच्या सान्निध्यात स्टॅफिलोकॉकस जंतूंची वाढ खुंटते, असे त्यांनी दाखविले. हे जंतू पुढे लॅक्टोबॅसिलस प्रजातीत गणले गेले. त्यांच्या अम्लामुळे प्रजननक्षम वयात योनिमार्गाचे पीएच मूल्य सामान्यतः ४·५ पेक्षा कमी राहते.

अमेरिकेतील हर्मन गार्डनर व चार्ल्स ड्यूक्स यांनी १९५५ मध्ये योनिदाहाशी निगडित असा एक जंतू वर्णिला. १९८० मध्ये त्यास गार्डनेरेला हे नाव मिळाले. त्यांनी १३ निरोगी स्त्रियांच्या योनिमार्गात त्याचे शुद्ध संवर्धन सोडले, तेव्हा एकीलाच विकार झाला. रुग्णांचा स्राव सोडलेल्या १५ पैकी ११ जणींना तो झाला. आजच्या वैद्यकीय नीतिनियमांत असे प्रयोग बसत नाहीत. तथापि विकारामागे एकटा जंतू नसून जंतूंचा समूह असावा, ही शंका त्यांतून बळावली. पायबस व ऑन्डरडॉन्क यांनी १९९७ मध्ये त्याचा एक दुवा दाखविला : प्रीव्होटेला जंतूने निर्माण केलेला अमोनिया गार्डनेरेलाच्या वाढीस पोषक ठरतो.

प्रयोगशाळेतील निष्कर्षांना मर्यादाही असतात. लॅक्टोबॅसिलसांचे संरक्षक कार्य हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे होते, असे काही काळ मानले जात होते. परंतु योनिमार्गात ऑक्सिजन अत्यल्प असतो. तेथील परिस्थितीशी जुळणाऱ्या प्रयोगांत पेरॉक्साइड निष्प्रभ, तर लॅक्टिक अम्ल प्रभावी ठरल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रतिजैविक उपचारानंतर लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस जंतू दिल्यास विकार उलटण्याचे प्रमाण घटते, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत आढळले : १२ आठवड्यांत ते ४५ टक्क्यांऐवजी ३० टक्के होते.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे गांभीर्य राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यात केलेल्या व १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतून दिसून आले. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक विकार होते व त्यांतील सुमारे निम्मे जननमार्गाच्या संसर्गाचे होते. पूर्वी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. अशा संसर्गांपैकी सूक्ष्मजंतूंचे संतुलन बिघडून होणाऱ्या योनिविकाराचा अकाली प्रसूती व एचआयव्ही-संसर्ग यांच्या वाढीव धोक्याशी संबंध आहे. त्यात पुष्कळदा लक्षणे नसल्याने तपासणीवाचून निदान होत नाही. प्रयोगशाळेतील ज्ञानाची उपयुक्तताही त्यामुळे अशा तपासणीच्या सोयीवर अवलंबून राहते.