तेरणाकाठचा कुसुंबा

माघ सरत आला आहे. लातूरहून औसा, लामजना ओलांडून तुम्ही किल्लारीत उतरता, भूकंपानंतर वसलेल्या गावाच्या सरळ गल्ल्या मागे टाकता आणि शिवाराची वाट धरता. दोन्ही अंगांना हरभरा आहे. खरिपात याच रानात सोयाबीन होतं. करडई मात्र शोधावी लागते. मग ज्वारीच्या एका तुकड्याभोवती ती दिसते, जनावर आत शिरू नये म्हणून कडेनं पेरलेले काटेरी तास. बोंडांवरची आजची फुलं पिवळी आहेत, दोन-तीन दिवसांची नारिंगी आणि सुकत आलेली गर्द तांबडी.

एक तांबडी पाकळी उपटून ओल्या बोटांत चुरडा. बोट पिवळं होतं. तांबडा रंग डोळ्यांसमोर आहे, पण साध्या पाण्याला तो दाद देत नाही. त्याला पाकळीतून सोडवून कापडावर बसवायची विद्या दख्खनच्या रंगाऱ्यांकडे होती. त्या रंगाला कुसुंबा म्हणत, आणि तो आपल्या रोजच्या फोडणीच्या तेलाच्या झाडातून निघे. आज तुम्हाला त्या रंगाऱ्याच्या दारात जायचं आहे. बांधावरून तेरणा नदीच्या दिशेनं चालत राहा, ही वाट काळात मागं जाते.

पहिला मुक्काम फेब्रुवारी 1993. समोर जुनी किल्लारी उभी आहे. दगडमातीची घरं, हातभराहून जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षं थर चढवलेलं मातीचं माळवद. उन्हाळ्यात हे घर थंड राहतं म्हणून गाव त्याच्यावर खूश आहे. एका ओसरीत म्हातारी वाकळ शिवत बसली आहे. जुन्या लुगड्यांचे थर, वर पांढऱ्या दोऱ्याचा धावता टाका. तुम्ही एका तांबड्या तुकड्यावर बोट ठेवून विचारता, हा कशानं रंगवलाय?

"रंगवायलंय कोण आता? बाजारातून आणलेलं लुगडं हाय ते."

करडईच्या फुलाचं काय करता, हेही विचारून पाहा. ती तुमच्याकडं नवलानं बघते. "फुलाचं काय करायचं, लेकरा? कवळ्या पानाची भाजी करायची, बोंडं वाळली की झोडायची अन् तेल काढायचं. फूल वाऱ्यानं जातंय." म्हणजे रंग या घरातून भूकंपाच्या कितीतरी आधीच निघून गेला होता.

तुम्हाला पुढचं ठाऊक आहे, तिला नाही. 29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी असेल, गणपती बोळवून गाव उशिरा निजेल, आणि 30 तारखेच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी 6.2 तीव्रतेचा भूकंप होईल. उन्हाळ्यात थंडावा देणारं तेच माळवद आणि त्याच भिंती माणसांवर येतील. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं जातील. करडईची पेर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात असते. भूकंप ऐन पेरणीच्या तोंडावर आला. त्या वर्षी किती चाडी रिकामी राहिली असतील, याचा विचार करत इथून पुढं निघणं जड जातं. म्हातारीनं दिलेलं पाणी प्या, आणि निघा.

1911 मध्ये तुम्ही फार थांबू नका. मुलूख निजामाचा आहे, लोक त्याला मोगलाई म्हणतात. कुर्डुवाडीकडून बार्शी लाईट रेल्वेची अरुंद गाडी यंदा लातूरपर्यंत आली आहे. कापूस आणि धान्य बाहेर जातं, आणि येताना इतर मालासोबत विलायती रंग येतो. चिमूटभर पूड, गरम पाणी, अर्धा तास, की कापड लालभडक. काटे नाहीत, राख नाही, लिंबू नाही. लंडनमध्ये पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या पोरानं 1856 मध्ये डांबरापासून पहिला जांभळा रंग बनवला होता. 1868 मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेतलं तांबडं द्रव्य प्रयोगशाळेत तयार केलं. 1897 मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीनं कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आणली. साठ वर्षांच्या आत शेतातले रंग पुडीत आले. त्या काळच्या बाईला आणि रंगाऱ्याला मी दोष देणार नाही. ज्याच्यामुळं काम हलकं होतं ते माणूस घेणारच.

आता 1870 च्या सुमारास या. इथं घाई करू नका.

पहाट आहे, अंगावर पटकूर आहे आणि रानात दव पडलं आहे. दवात करडईचे काटे जरा मऊ पडतात, म्हणून बाया उजाडायच्या आत रानात शिरल्या आहेत. रंगाऱ्याची आई तुमच्या हातांकडं बघते.

"हात बांध लेकरा. काटे कुणाची ओळख ठेवत नसतेत."

तुम्ही हातांना चिंध्या गुंडाळता. फक्त तांबडी झालेली, कोमेजत आलेली फुलं चिमटीत धरून वर ओढायची. पिवळी राहू द्यायची. फूल तांबडं होईतो त्याचं बी धरण्याचं काम झालेलं असतं, त्यामुळं ते उपटलं तरी तेल बुडत नाही. एकाच झाडातून आधी भाजी, मग रंग, मग तेल आणि शेवटी चुलीला काटक्या. सूर्य वर येईतो तुमच्या ओट्यात जेमतेम मूठभर पाकळ्या जमतात. त्या सावलीत पसरायच्या, उन्हात नाही.

रंगाऱ्याच्या दारात चार काठ्यांना बांधलेली कापडाची झोळी आहे, खाली डेरा. वाळलेल्या पाकळ्या रात्रभर भिजल्या आहेत. म्हातारी त्या झोळीत ओतते आणि तुम्हाला मळायला लावते. वरून थंड पाणी, खालून पिवळं पाणी. पुन्हा पाणी, पुन्हा पिवळं. करडईच्या पाकळीत पिवळा रंग भरपूर असतो आणि तांबडा वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास. आधी सगळा पिवळा घालवल्याशिवाय तांबडा निर्मळ निघत नाही. तुमचे हात भरून येतात. पाणी नितळ झालं असं वाटून तुम्ही थांबता, तर ती ओंजळीत घेऊन उजेडात धरते आणि मान हलवते.

"अजून हाय. पिवळं निघायचं थांबल्याबिगर खार घालायचा न्हाई."

हे काम असंच आहे, निम्म्याहून जास्त वेळ नको असलेला रंग धुण्यात जातो. मला यातलं सगळ्यात मोलाचं ज्ञान हेच वाटतं: कधी थांबायचं हे म्हातारीला ओंजळीतल्या पाण्यावरून कळतं.

शेवटी ती हो म्हणते. आता पापडखार. तो नसला तर आघाडा जाळून त्याची राख पाण्यात विरघळवून निवळलेलं पाणी. खार लागताच पाकळ्या काळपट होतात, बोटांना बुळबुळीतपणा येतो आणि झोळीतून तपकिरी-तांबडं, गढूळ पाणी गळू लागतं. तुमची निराशा होते. इतक्या मेहनतीनं हे? म्हातारी तुमचाच पांढरा सुती रुमाल मागून घेते, ओला करते आणि त्या पाण्यात बुडवते. मग लिंबू चिरते.

"एकदम नको. उगं थोडं थोडं पिळ."

लिंबाचा थेंब पडतो तिथं फेस येतो. फेस विरतो आणि त्याच्याखाली पाणी गुलाबी होतं. आणखी थोडं लिंबू, पाणी तांबडं. तुमच्या डोळ्यांदेखत रंग डेऱ्यातून रुमालात शिरू लागतो. तांबडं द्रव्य खाराच्या पाण्यात विरघळतं, आंबट पाण्यात विरघळत नाही. लिंबू पडलं की त्याला पाण्यात जागा उरत नाही आणि ते सुताला धरून बसतं. ना तुरटी लागते, ना जाळ. उलट उष्णतेनं हा रंग बिघडतो, म्हणून इथं चूल पेटलेलीच नाही. म्हातारीला रसायनशास्त्राचं नाव ठाऊक नाही, पण क्रम एका पायरीनंही चुकत नाही.

पलीकडे वळणीवर लग्नाचं पागोटं सुकतं आहे, पुन्हा पुन्हा बुडवून गडद केलेलं. हे किती दिवस राहील, असं तुम्ही विचारता. ती काही लपवत नाही. "उन्हानं उडतंय, धुतलं की जातंय. पुढल्या सणाला आणा, परत रंगवून देते."

पक्का लाल हवा असेल तर शेजारच्या डेऱ्याकडं बघा. तिथं आल नावाच्या झाडाच्या मुळ्या कुटून भिजवल्या आहेत. तेल आणि तुरटी पाजलेलं कापड त्यात दिवसेंदिवस मुरतं तेव्हा खारवा तयार होतो, वर्षानुवर्षं टिकणारा. पण मुळी काढायची म्हणजे झाड खणायचं. करडईचा रंग उडतो खरा, पण दर माघात रान तो पुन्हा देतं. सणाचं कापड सणाला रंगवावं, उडालं की पुढल्या सणाला पुन्हा रंगवावं, हा हिशेब मला कमीपणाचा वाटत नाही. कापड तेच राहतं, नवं घ्यावं लागत नाही.

अजून मागं जायचं असेल तर तेरणेच्या काठानं वर चला. आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावाशी थांबा. इसवी सनाचं पहिलं शतक आहे आणि गावाचं नाव तगर. बैलगाड्यांवर कापडाचे गठ्ठे चढतात. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं हे मोठं नगर आणि इथून भडोच बंदराकडे जाणारं जाडंभरडं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि मॅलोच्या फुलावरून ओळखलं जाणारं कापड, यांची नोंद एका ग्रीक व्यापारी पुस्तकात, 'पेरिप्लस'मध्ये आहे. त्या गठ्ठ्यांत कुसुंब्यानं रंगवलेलं कापड किती, हे पुस्तक सांगत नाही. पण कुसुंबा या देशात जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राज्यानं गोळा करायच्या फुलांमध्ये पळस, कुसुंभ आणि केशर एकाच ओळीत येतात, आणि कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'तल्या वसंतात स्त्रिया कुसुंभाच्या रंगाची वस्त्रं नेसतात. तेरच्या पांढरीत सापडलेल्या वस्तू गावातल्या सरकारी संग्रहालयात ठेवल्या आहेत. परतीच्या वाटेवर त्या बघा.

आता आजच्या किल्लारीत परत या. पुनर्वसनात जमिनीच्या हिशेबानं 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरं मिळाली. पुढं-मागं थोडी मोकळी जागाही आली. भूकंपानंतर इथल्या बायकांना पुनर्बांधणीत उभं करणाऱ्या स्वयं शिक्षण प्रयोग या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेनं पुढं मराठवाड्यात एक एकराची शेती बायकांच्या हाती दिली, त्यात धान्य, डाळी, भाज्या एकत्र घेतल्या जातात. अशा एकराच्या कडेला करडईचं एक तास सहज बसतं. आणि काट्यांची सबब आता चालणार नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं नारी-6 हा बिनकाट्याचा वाण दिला आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठाचा पीबीएनएस-40 हाही बिनकाट्याचा आहे. जपानमध्ये यामागाता प्रांत याच फुलाला आपलं राज्यफूल मानतो, त्याच्या पाकळ्यांतून रंग काढतो आणि पाहुण्यांना ते रान दाखवायला नेतो. आपल्याकडं तेच फूल वाऱ्यावर जातं.

घरी करायचं तर रंगाऱ्याची झोळी लागत नाही. शंभर ग्रॅम सुक्या पाकळ्या जुन्या पातळ कापडात सैल बांधा आणि रात्रभर थंड पाण्यात ठेवा. सकाळी पाणी बदलत, पिळत, मळत राहा, पाणी नितळ होईपर्यंत. पापडखाराच्या जागी धुण्याचा सोडा चालतो. लिटरभर थंड पाण्यात बुळबुळीत लागेल इतका घाला, हातमोजे घाला, अर्धा-पाऊण तास मळा आणि गाळून घ्या. त्यात धुऊन खळ काढलेला सुती रुमाल, मग थोडं थोडं लिंबू किंवा व्हिनेगर, फेस थांबेपर्यंत. तासाभरानं काढा, थंड पाण्यात विसळा, सावलीत वाळवा. पहिल्या खेपेला गुलाबी येईल. गडद हवा तर नव्या पाकळ्यांच्या रंगात पुन्हा बुडवा. आधी काढलेलं पिवळं पाणी फेकू नका. सुतावर ते टिकत नाही, पण तुरटी लावलेल्या लोकरीवर छान चढतं. या रुमालाला साबण आणि ऊन दाखवू नका. वाकळीच्या मधल्या थराला तो नको, वरच्या पट्टीला, राखीला, तोरणाला, लेकराच्या बारशाच्या टोपडीला घ्या.

अंगणात जागा असेल तर शेंदरी आणि नीळ लावा, दसऱ्याचा झेंडू आणि डाळिंबाच्या साली वाळवून ठेवा. ही दोन्ही तुरटीवर पिवळा रंग देतात. पण ही झाडं कुठंही होतात. करडई आपल्या काळ्या रानाची आहे. तिला फारसं पाणी लागत नाही, जमिनीतल्या ओलीवर ती चार-साडेचार महिन्यांत येते, आणि तिच्या रंगाची विद्या परत मिळवायला एक तास आणि एक लिंबू पुरतं. येत्या सप्टेंबरअखेरीस ज्वारीच्या कडेला बिनकाट्याचं एक तास पेरा, आणि माघात फुलं तांबडी झाली की ती वाऱ्यावर सोडू नका.