करणीविचार आणि अपरिमेयत्वाची सिद्धता

एखाद्या राशीचे वर्गमूळ निःशेष मिळत नाही असे म्हणणे निराळे, आणि ते कधीही मिळणे शक्य नाही असे सिद्ध करणे निराळे. परिमेय व अपरिमेय संख्यांचा भेद आपल्या गणितपरंपरेस ज्ञात होता काय, या प्रश्नाचा विचार करताना या दोहोंची गल्लत पुष्कळदा होते.

भास्कराचार्यांनी (जन्म इ. स. १११४) ‘लीलावती’त भुज व कोटी प्रत्येकी सव्वातीन घेऊन कर्ण विचारला आहे. कर्णवर्ग १६९/८ येतो. अंश हा १३ चा वर्ग असला तरी छेद ८ हा पूर्ण वर्ग नाही. मूळ नसल्यामुळे कर्ण करणीरूपच राहतो, असे सांगून आचार्य त्याचे ‘आसन्न’ मूळ ३६७७/८०० असे काढतात. अतिसंक्षिप्त अपूर्णांकाचे अंश व छेद दोन्ही पूर्ण वर्ग असतील तरच त्याचे मूळ परिमेय, ही आजची कसोटी येथे व्यवहारात दिसते. आणि आसन्न मूळ हे खरे मूळ नव्हे, ही जाणीवही स्पष्ट आहे.

भास्करीय ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावाजवळील पाटणे येथे मठ स्थापिला. त्यासंबंधीचा शिलालेख इ. स. १२०७ चा आहे. पुढे विदर्भातील पयोष्णीतीरीच्या दधिग्रामाहून काशीस गेलेल्या घराण्यातील कृष्ण दैवज्ञाने इ. स. १६०० च्या सुमारास ‘बीजगणिता’वर ‘बीजपल्लव’ ही टीका लिहिली. मूळ अपेक्षित असता ज्या राशीचे निरग्र मूळ संभवत नाही ती करणी, अशी त्याची व्याख्या आहे. ‘संभवत नाही’ हा शब्दप्रयोग नेमका खरा. परंतु हा असंभव कशावरून जाणावा, हे व्याख्येवरून कळत नाही.

तथापि त्याचे साधन ‘बीजगणिता’तील वर्गप्रकृतीतच आहे. य² − २र² = १ या समीकरणाची (३, २), (१७, १२), (५७७, ४०८) ही उत्तरे घ्यावीत. ब्रह्मगुप्ताच्या भावनेने ही परंपरा अखंड वाढविता येते. आता √२ = प/फ असे मानू; प व फ हे धन पूर्णांक होत. तर य − र√२ = (फय − पर)/फ. ही राशी धन असल्यामुळे ती किमान १/फ असली पाहिजे. परंतु तीच १/(य + र√२) इतकीही आहे, आणि य, र पुरेसे मोठे घेतले म्हणजे ती १/फ हून लहान होते. हा विरोध होय. म्हणून √२ अपरिमेय आहे. प्रकृती ६१ असता भास्कराने दिलेल्या १७६६३१९०४९ व २२६१५३९८० या जोडीपासून √६१ विषयीही हाच निष्कर्ष निघतो.

ही जुळणी मात्र आमची आहे. भास्कराच्या सूत्रांत ती नाही. ग्रीकांनी सम-विषमाच्या विरोधावरून कर्ण व भुज यांचे सामाईक माप असणे अशक्य ठरविले. भास्कराने करणींची बेरीज, गुणाकार, भागाकार व मूळ यांचे नियम बांधले. एकाची जिज्ञासा अशक्यतेची, दुसऱ्याची क्रियेची. साधन हाताशी असणे म्हणजे सिद्धता असणे नव्हे. पूर्वजांच्या पदरी त्यांनी न केलेली सिद्धता घालण्याने त्यांचा गौरव होत नाही. त्यांनी जे केले ते काटेकोरपणे वाचण्यानेच तो होतो.